शिकणाऱ्याची चूक कोणी सोसावी?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर मला त्या वेळी देता आले नाही, आणि आजही ते पुरतेपणी देता येईल अशी खात्री वाटत नाही. तथापि ज्यांची मुले सध्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात शिकत आहेत अशा पुष्कळ वाचकांचा, त्यांस ठाऊक असो वा नसो, त्या प्रश्नाशी संबंध पोचतो. म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे.

आमचे महाविद्यालय मारुंजीस आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीला अगदी खेटून आहे. पलीकडे कासारसाईच्या धरणाकडे रस्ता जातो. एका पिढीमागे जेथे शेते होती तेथे आता उंचच उंच इमारती उभ्या आहेत. माणसे भराभर वर चढली, पण पाणी त्या वेगाने वर चढले नाही. त्यामुळे फाल्गुन सरला की रस्त्याने टँकरांची रांग सुरू होते आणि ती मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालते. मी सांख्यिकी शिकवितो. वर्गाच्या खिडकीतून हे टँकर मोजता येतात, आणि कंटाळलेले विद्यार्थी ते मोजतातही; माझ्या विषयाचा तेवढा प्रत्यक्ष उपयोग तरी त्यांना होत असावा.

नळ आणि टाकी यांची उदाहरणे आपण सर्वांनीच लहानपणी सोडविली आहेत. एका नळाने टाकी तीन तासांत भरते, खालच्या तोटीने ती पाच तासांत रिकामी होते, दोन्ही उघडी ठेवली तर किती वेळात भरेल? त्या टाकीतले पाणी आजवर कोणी प्यालेले नाही. ती भरली नाही म्हणून कोणाच्या घरची आंघोळ अडली नाही, आणि उत्तर चुकले तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पाहून ते दुरुस्त करता येते. विद्यालयीन उदाहरणांचा हा निष्पापपणा मला कित्येक वर्षे गुणच वाटत असे. अलीकडे तो दोष मानण्याची रीत पडली आहे. विद्यार्थ्यास खरे काम द्या, खऱ्या माणसाचे द्या, आणि खऱ्या मुदतीत पुरे करून घ्या, असे चहूंकडून सांगण्यात येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विचारास राजमान्यता दिली. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, व्यवसायात मुरलेल्या माणसांस नेहमीच्या पदव्यांची अट न घालता प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट मोकळी केली. आणि 'कार्यप्रशिक्षण' हा शब्द आता आमच्या वेळापत्रकात चांगलाच रुळला आहे.

विचार नवा मात्र नाही. घर बांधूनच माणूस गवंडी होतो आणि वीणा वाजवूनच वीणावादक होतो, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सांगून ठेविले आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली निघाले ते मुळी ज्ञानवृद्धीच्या हेतूने नव्हेच. सरकारला इमारती, कालवे, पूल बांधावयाचे होते आणि त्यांवर देखरेख करणारी दुय्यम माणसे हवी होती, म्हणून तो वर्ग काढण्यात आला. म्हणजे काम आधी आणि महाविद्यालय मागून, असा तेथला क्रम आहे. आमच्या काही मित्रांस उद्योगधंद्यांनी विद्यापीठात पाऊल टाकले याचा मोठा विषाद वाटतो. त्यांनी हा इतिहास आठवावा.

अशा रीतीने मीही या मताचा झालो. आणि मतांतर केलेल्या माणसाचा उत्साह नेहमीच जरा अधिक असतो. आमच्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक गृहसंस्था आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. तशा पुष्कळ आहेत. दोनशे दहा सदनिका, एक कूपनलिका, ग्रामपंचायतीचे थोडे पाणी, आणि बाकी सारा भार टँकरांवर. संस्थेच्या चिटणिसांची तक्रार अशी की, उन्हाळ्यात रोज तेरा टँकर येतात. तेराच का, हे कोणी सांगू शकत नाही. आधीच्या चिटणिसांनी तेरा सांगितले म्हणून तेरा. खर्च मात्र दर महिन्यास डोळे पांढरे करणारा. तेव्हा आपल्या मुलांनी हिशेब करून खरी गरज काय ती सांगावी. मला हे काम म्हणजे देवाने दिलेले उदाहरण वाटले. तीच लहानपणची टाकी, तोच नळ, फक्त या टाकीत पाणी होते!

चार विद्यार्थ्यांनी सहा आठवडे मन लावून काम केले. त्यांनी मीटर वाचले, सकाळ-संध्याकाळ जमिनीखालच्या टाकीची पातळी नोंदविली, कूपनलिकेचा पंप किती तास चालतो आणि तासाला किती पाणी देतो ते पाहिले. हिशेब असा निघाला की, संस्थेस रोज एक लक्ष दहा हजार लिटर पाणी बाहेरून लागते. टँकर दहा हजारांचा. तेव्हा अकरा पुरेत. दोन टँकर केवळ सवयीने येतात. अहवाल सुरेख झाला होता, आलेख रंगीत होते. मी त्याखाली सही केली. कार्यकारी मंडळाने दुसऱ्याच दिवशी दोन टँकर कमी केले.

आता, टँकरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'दहा हजार लिटर' असे रंगविलेले असते. तितके पाणी त्यात असतेच असे नाही. आमच्याकडे येणाऱ्या टँकरांत, मागाहून मोजले तेव्हा, सरासरी साडेआठ हजार लिटर पाणी निघाले. वाचकांनी वाटल्यास गुणाकार करून पाहावा. तेरा टँकरांचे पाणी एक लक्ष दहा हजारांहून किंचित अधिक भरते. अकरांचे साडेत्र्याण्णव हजार. ज्या जुन्या सवयीस आम्ही अडाणी समजून हसलो ती अगदी बिनचूक होती. फक्त तिला आपण बरोबर का आहो हे ठाऊक नव्हते. आम्हांस मात्र सर्व कारणे ठाऊक होती आणि उत्तर चुकले होते. पुस्तकातील टाकी खोटे बोलत नाही. बाहेरच्या जगात टाकीवर लिहिलेला आकडादेखील तपासून घ्यावा लागतो, हा धडा नळ-टाकीच्या हजार उदाहरणांनीही मुलांस मिळाला नसता. येथवर खऱ्या कामाचा जयजयकार करण्यास माझी काही हरकत नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. टाकीत शिल्लक होती तिच्यावर तीन दिवस निभावले. चौथ्या दिवशी पाणी तळाला गेले. मग मंडळाने काय करावे? वरच्या मजल्यांचे पाणी तोडले तर गिल्ला होईल. तेव्हा तळमजल्यावर जी एक वेगळी नळी होती ती बंद करण्यात आली. ती नळी पहारेकऱ्याच्या खोलीला, आणि घरकामास येणाऱ्या बाया व मोटारी हाकणारे चालक जे शौचालय वापरतात त्याला जाते. सहा दिवस ती बंद होती. एकाही सदनिकेतला नळ एक तासही कोरडा पडला नाही. पहारेकऱ्याची बायको रस्त्यापलीकडे एक बांधकाम चालू होते तेथून हंडे भरून आणीत होती. सातव्या दिवशी पुन्हा तेरा टँकर येऊ लागले, आणि महिनाअखेर संस्थेकडून आमच्याकडे मूल्यमापनाचा तक्ता आला. त्यात अभ्यास फार उपयुक्त झाल्याचे लिहून चौघांसही पैकीच्या पैकी गुण दिले होते.

हे सर्व मला कळले ते त्या चौघांतील एका मुलीमुळे. आपला आकडा का चुकला हे शोधण्यासाठी ती, कोणी सांगितले नसताना, पुन्हा तेथे गेली. टँकर मोजण्याची युक्तीही तिचीच. परत आल्यावर माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "सर, चूक आम्ही केली, शिकलोही आम्हीच, आणि गुणही आम्हालाच. मग त्या मावशींना काय?"

मी तिला म्हणालो की, आपण उद्या जाऊन त्यांची क्षमा मागू. हे उत्तर नव्हते हे मला बोलतानाच कळत होते.

आम्ही गेलो, हेही सांगून टाकतो. ती बाई प्रथम घाबरली. कॉलेजातले मास्तर आपल्याकडे कशास आले हे तिला समजेना. आम्ही क्षमा मागितली ती कशाबद्दल, हे तर तिला अखेरपर्यंत नीट समजले नाही. पाणी जाणे ही तिच्या दृष्टीने उन्हाळ्याची गोष्ट. तिचा सांख्यिकीशी संबंध काय? निघताना तिने हळूच विचारले, "तुमच्या कॉलेजात शिपायाची जागा आहे का? माझा भाऊ बसून आहे." क्षमायाचनेचे नाटक उभारून आपले मन हलके करून घेण्याचा माझा बेत असा जागच्या जागी विरला, आणि ते बरेच झाले असे आता वाटते.

खऱ्या कामाच्या बाजूने जे युक्तिवाद करण्यात येतात त्यांतील सर्वांत वजनदार युक्तिवाद हा की, जग हा कठोर परीक्षक आहे. मास्तरांना फसविता येते, जगाला फसविता येत नाही. पूल चुकीचा बांधला तर तो पडतोच. सही करतेवेळी माझ्या मनात हाच विचार होता. मी ताळा पाहिला नाही, कारण ताळा जगच पाहील असे मी धरून चाललो. माझ्या अनुभवावरून हा युक्तिवाद निदान निम्मा खोटा आहे. जग कठोर आहे यात शंका नाही, पण ते निःपक्षपाती नाही. पूल पडतो हे खरे. पण तो ज्याने बांधला त्याच्या डोक्यावर पडत नाही. आमच्या परीक्षेत जगाने चुकीच्या उत्तरास पूर्ण गुण दिले आणि शिक्षा जिला दिली ती परीक्षेस बसलेलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याहून वेगळे काय? गुणपत्रकावर सही करण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांच्या नळास पाणी होते. ज्यांच्या नळास पाणी नव्हते त्यांना गुणपत्रक दाखविण्याचा प्रश्नच आला नाही.

कांटने म्हटले आहे की, मनुष्यमात्रास केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याला साध्यही मानावे. यावर आक्षेपक म्हणेल की, मग कोणतेच शिक्षण शक्य नाही. कारण प्रत्येक नवा वैद्य कोणाच्या तरी अंगावर शिकतो, प्रत्येक नवा वकील कोणाच्या तरी खटल्यावर, आणि, न बोललेले बरे, प्रत्येक नवा प्राध्यापक पहिल्या पाच-सात वर्षांच्या वर्गांवर. आक्षेप बिनतोड आहे. शिकणाऱ्याच्या चुका कोणाला तरी सोसाव्याच लागणार. त्या मुलीने विचारले होते ते चुका का झाल्या, हे नव्हेच. त्या कोणी, किती आणि कोणाच्या संमतीने सोसाव्या, हा तिचा प्रश्न होता.

या बाबतीत आपल्याकडील एक जुने उदाहरण मननीय आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. शिरा वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. खरवडण्याचा केसाळ कातड्यावर, आणि शिवण्याचा कापडावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ शास्त्र पढलेला पण असा सराव न केलेला मनुष्य कामास अयोग्य, असेही म्हटले आहे. म्हणजे केवळ पोथी पुरेशी नाही हे सुश्रुतास मान्यच आहे. पण पोथी आणि रोगी यांच्यामध्ये त्याने एक भोपळा ठेविला! आम्ही नव्या उत्साहात हा भोपळा उचलून फेकून दिला आणि मुलांस पोथीवरून थेट रोग्याकडे पाठविले.

आमच्या विभागात नव्यानेच आलेले एक सहकारी आहेत. तीस वर्षे चाकणच्या बाजूच्या कारखान्यांत काढून ते अध्यापनाकडे वळले. यंत्राच्या भाषेत ते जे बोलतात ते पुष्कळदा आमच्या तत्त्वज्ञानापेक्षा स्पष्ट असते. हा सारा वृत्तान्त त्यांस सांगितला तेव्हा ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुमची भंगाराची पेटी कुठे होती?" मला अर्थबोध होईना. तेव्हा त्यांनी खुलासा केला. कारखान्यात नवा मुलगा लेथवर उभा राहिला की पहिले काही नग बिघडणारच, हे धरूनच चालतात. ते नग पेटीत जातात. पेटीचे वजन होते, खर्च मालकाच्या वहीत पडतो. आणि एकही बिघडलेला नग गाडीच्या चाकात जाऊन बसू नये यासाठी तपासनीस निराळा असतो. मुलगा शिकतो, मालक किंमत देतो, आणि गाडीत बसणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. कारखानदार काही धर्मात्मे नसतात. परंतु या एका बाबतीत त्यांचा व्यवहार नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाहून चोख आहे, कारण ज्याला शिकलेल्या हाताचा पुढे फायदा व्हावयाचा त्यानेच शिकण्याची किंमत मोजावी, हे तत्त्व त्यात आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने अशा मुलास विद्यावेतन देण्याचे बंधन मालकावर घातले, त्यामागेही हेच तत्त्व असावे.

तेव्हापासून कोणतीही शिक्षणपद्धती पाहिली की तिची भंगाराची पेटी कोठे आहे, हे शोधण्याची मला खोडच लागली आहे. वैद्यकाचे घ्या. खऱ्या कामातून शिकविण्याची परंपरा जितकी वैद्यकात जुनी आणि पक्की आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही विद्येत नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले ते जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाला जोडूनच. आणि रोग्याच्या खाटेशी उभे राहिल्यावाचून डॉक्टर तयार होत नाही याविषयी दुमत नाही. पण त्या खाटेवर कोण असतो? ज्यास पैसे देऊन अनुभवी हात विकत घेता येतो तो सहसा तेथे नसतो. शिकाऊ हाताखाली गरीब जातो, आणि तो हात तयार झाला की पैसेवाल्याच्या उपयोगी पडतो. सरकारी रुग्णालयांनी गरिबांवर अगणित उपकार केले आहेत, हे मी विसरत नाही. आणि तेथे नवशिक्याच्या मागे वडील डॉक्टर उभा असतो हेही खरे. तो उभा असतो म्हणूनच ती पद्धती सह्य होते. परंतु या देशातील प्रत्येक निष्णात शल्यवैद्याच्या बोटांत कित्येक निनावी गरिबांचे देणे साठलेले असते, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

गीतेचा आधार घेऊन एका गृहस्थांनी मला समजाविले की, आपण कर्म करावे, फळाकडे पाहू नये. मी त्यांस नम्रपणे म्हटले की, फळाची आसक्ती सोडावी असे तेथे आहे. ते कडू निघाल्यास शेजाऱ्याच्या पानात वाढावे, असे कोठे वाचल्याचे आठवत नाही.

यापेक्षा उलट बाजूचा धोका १९३७ साली वर्ध्यास चर्चिला गेला होता. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे आणि मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च जमेल तितका भागवावा, ही गांधीजींची कल्पना त्या परिषदेपुढे होती. टीकाकारांनी तेव्हाच विचारले की, मालाच्या विक्रीवर मास्तरांचा पगार अवलंबून राहिला तर मास्तर मुकादम होणार नाही काय? योजनेचा तपशील ठरविणाऱ्या झाकिर हुसेन समितीनेही हा धोका मान्य केला होता. आज ही भीती निराळ्या वेषात खरी ठरत आहे. एखादी कंपनी आपले 'खरे काम' महाविद्यालयास देते. मुले ते फुकट करितात, वर महाविद्यालयास शुल्कही देतात. काम चांगले झाले तर ते कंपनीचे, आणि बिघडले तर 'ती मुलेच होती'. या व्यवहारात शिक्षक कोठे आहे असे विचारले तर तो नोंदवहीत हजेरी मांडीत असतो. खरे काम आले की शिक्षकाचे काम कमी झाले, अशी सोयीस्कर समजूत आमच्या वर्गात पसरली आहे, आणि मी स्वतः तिचा फायदा घेतलेला असल्यामुळे ती किती सोयीस्कर आहे हे अधिकाराने सांगू शकतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

याला अपवाद म्हणून मला नेहमी पाबळचे उदाहरण आठवते. शिरूर तालुक्यातील त्या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाचे पद सोडून ते तेथे जाऊन राहिले, आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते तेथेच होते. शाळा सुटलेली, परीक्षेत नापास झालेली खेड्यातली मुले वर्षभर तेथे राहून बांधकाम, जोडकाम, वीज, शेती शिकतात, आणि शिकताना गावाची कामे करितात. ही कामे लटकी नसतात. त्यांचे दाम घेतले जाते. जमिनीचा विद्युत्-रोध मोजून भूजलाचा अंदाज बांधण्यासही ही मुले शिकली. या शेवटच्या कामाविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. अशा अंदाजावर विसंबून एखादा शेतकरी विहीर खणावयास घेतो, कर्ज काढतो. अंदाज चुकला तर? पण या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे की जी माझ्या कामात नव्हती. काम करणारा आणि काम घेणारा एकाच आवारात किंवा एकाच शिवेत राहतात. विहीर कोरडी लागली तर सांगणारा शेतकऱ्यास रोज बाजारात भेटतो. त्याला परगावच्या बसमध्ये बसून गुणपत्रकाकडे पाहात घरी जाता येत नाही. आणि ज्या माणसाने ती विद्या शिकविली तोही त्याच गावात झोपतो. याला उत्तरदायित्व म्हणावयाचे असेल तर म्हणावे. मला शेजार हा साधा शब्द अधिक पसंत आहे.

आमचा मारुंजीतला शेजार असा नाही, ही अडचण आहे. माझे चारही विद्यार्थी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेले, सदनिकांतले लोक देशाच्या कोनाकोपऱ्यांतून आलेले, पहारेकरी मराठवाड्यातला, आणि टँकर कोणाच्या विहिरीचा हे देव जाणे. अशा ठिकाणी शेजार आपोआप उत्पन्न होत नाही. तो मुद्दाम घडवावा लागतो.

त्या मुलीने दाखवून दिलेली दुसरी एक चूक अजून सांगितलेली नाही, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. टँकरचा आकडा चुकला तो चुकला. पण आमच्या आराखड्यात ती तळमजल्याची नळी मुळात काढलेलीच नव्हती. आम्ही दोनशे दहा सदनिकांचे पाणी मोजले. संस्थेने प्रश्नच असा घातला होता की, 'आमच्या सभासदांस किती पाणी लागते?' पहारेकरी सभासद नाही. त्याची गरज आमच्या हिशेबात शून्य होती. आणि ज्याची गरज हिशेबात शून्य, त्याचे पाणी प्रथम तोडले जाणे हे, बारकाईने पाहता, आमच्या अहवालास अगदी धरूनच झाले! खरे काम बाहेरून येते तेव्हा ते एकटे येत नाही. काम सांगणाऱ्याची नजर बरोबर घेऊन येते. व्यवसायात पडल्यावर त्या नजरेने पाहावेच लागते, त्यासाठी पगार मिळतो. पण विद्यापीठानेही त्याच नजरेने पाहावयाचे असेल तर विद्यार्थ्याने सरळ नोकरीच का धरू नये?

आमच्याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने हे निराळ्या रीतीने करून दाखविले आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव अभ्यासासाठी घेतले. तेथे आता पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती आहेत. तेव्हा ते पवनाकाठचे खेडे होते. जमिनीचा तुकडा न् तुकडा, घर न् घर त्यांनी पाहिले, आणि १९१७ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली दर खातेदारामागे सरासरी सुमारे चाळीस एकर जमीन होती ती त्यांच्या काळापर्यंत सात एकरांवर आली होती, हे त्यातून जगास कळले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी मोजणी केली ती सभासदांची नव्हे, साऱ्या गावाची. त्या कामी गावकऱ्यांनी जो वेळ दिला त्याचे त्यांस काय मिळाले, हा प्रश्न मान यांसही विचारता येईल, आणि माझ्या विद्यार्थिनीने तो नक्की विचारला असता. पण निदान त्या हिशेबात कोणी शून्य नव्हता.

मग खरी कामे देण्याचे सोडून द्यावे काय? माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे मत तसे आहे. विद्यापीठाने आपल्या पुस्तकातील टाकीकडे परत जावे, असे ते म्हणतात. मला ते पटत नाही. ती मुलगी स्वतःहून परत गेली आणि तिने तो प्रश्न विचारला, हे पुस्तकातील टाकीने कधीच घडले नसते. ज्या कामात कोणाचे नुकसान होणे शक्यच नाही त्यात जबाबदारी शिकविता येत नाही. ती केवळ वर्णन करून सांगता येते, आणि वर्णनाने कोणी पोहावयास शिकल्याचे ऐकिवात नाही. परंतु पोहणे शिकविणारा काठावर छत्री घेऊन बसत नाही, तो आधी पाण्यात उतरतो. आमच्या दुर्दैवाने हल्ली काठावरच्या छत्र्या फार झाल्या आहेत.

त्या सहा दिवसांत पहारेकऱ्याच्या बायकोने किती हंडे वाहिले याचा हिशेब त्या मुलीने नंतर केला आणि तो मूळ अहवालास पुरवणी म्हणून जोडला. मी माझी चुकीची सही खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून, ताळा न पाहता ही सही केली होती, असे लिहून दिले. गुणांबाबत मंडळाच्या तक्त्यास हात लावण्याचा अधिकार मला नव्हता. माझ्या ताब्यातील जे गुण होते ते मी आकड्यासाठी कमी केले आणि पुरवणीसाठी वाढविले. बेरीज जवळपास तीच आली. यावर चौघांपैकी एक मुलगा रागावला, आणि त्याच्या रागातही तथ्य होते, कारण पुरवणी त्याने लिहिलेली नव्हती.

यंदा नव्या तुकडीकडे तेच काम पुन्हा दिले आहे. पहिले पंधरा दिवस मी स्वतः त्यांच्याबरोबर जात होतो. टँकर रिकामा होताना टाकीत काठी धरून पातळी मोजावयाची म्हणताच चालक खवळला; मालकाचा निरोप आला की असल्या चौकशा असतील तर गाडी पाठविणार नाही. तेव्हा मुलांनी टँकरला न शिवता जमिनीखालच्या टाकीवरूनच मोजण्याची रीत बसविली, आणि आकडा पुन्हा साडेआठ हजारांच्या आसपासच आला. आराखड्यात त्यांनी तळमजल्याची नळी तांबड्या शाईने काढली असून, पाणी कमी पडल्यास कपात सर्व नळ्यांवर सारखी करावी, अशी एक ओळ खाली घातली आहे. पंधरा दिवसांपूर्वी अहवाल मंडळाकडे गेला. टँकरांच्या आकड्याविषयी काही शंका नाही, असे चिटणिसांचे पत्र परवा आले. तांबड्या नळीची आणि त्या ओळीची आवश्यकता मात्र त्यांच्या लक्षात येत नाही, ती काढून टाकावी, असे त्यांनी सुचविले आहे. उत्तर काय लिहावे यावर मुलांत सध्या वाद चालू आहे, आणि पत्र माझ्या टेबलावर तसेच पडून आहे.